ॲस्टनची चार मुले आणि ‘सैतानाचा स्वर’

‘हेवी मेटल म्हणजे सैतानाचे संगीत’ हे वाक्य आम्ही प्रथम ऐकले ते १९८० नंतरच्या दशकातील एका तपसाधनेत. प्रवचनकारांनी तरुणांना आवाहन केले की, ज्यांच्या घरी अशा ध्वनिफिती असतील त्यांनी त्या दुसऱ्या दिवशी आणून द्याव्यात. दुसऱ्या दिवशी मैदानात त्यांची होळी झाली. आम्ही दोन ध्वनिफिती नेऊन दिल्या. तिसरी, ‘ब्लॅक सॅबाथ’ या वाद्यवृंदाची, कपाटातल्या कपड्यांखाली दडवून ठेवली. ही लबाडी प्रायश्चित्त संस्काराच्या वेळी सांगावी की सांगू नये, या विवंचनेत आमचे बरेच दिवस गेले. त्या आगीबद्दल आज मनात राग उरलेला नाही. प्रवचनकार आमच्या हितासाठीच तळमळत होते. पण जी ध्वनिफीत आम्ही वाचवली तिच्यात खरोखर काय होते, हा प्रश्न पुढे आयुष्यभर आमच्या सोबतीला राहिला. या लेखात त्याचाच मागोवा घ्यायचा आहे.

बर्मिंगहॅम हे इंग्लंडच्या मध्यभागातील कारखान्यांचे शहर. दुसऱ्या महायुद्धात जर्मन विमानांनी त्यावर बाँब टाकले आणि युद्धानंतरही अनेक वर्षे तिथली मुले पडक्या घरांच्या ढिगाऱ्यांत खेळत राहिली. या शहराच्या ॲस्टन नावाच्या कामगारवस्तीत व तिच्या परिसरात १९४८ व १९४९ या दोन वर्षांत चार मुले जन्मली: टोनी आयोमी, बिल वॉर्ड, जॉन ऊर्फ ऑझी ऑस्बोर्न आणि टेरेन्स ऊर्फ गीझर बटलर. १९६८ साली ती एकत्र आली. त्याच परिसरातून ‘जुडास प्रीस्ट’ हा वाद्यवृंद आला, ‘लेड झेपलिन’चे दोघे आले. कारखान्यातील हातोड्यांचा ठोका या संगीतात उतरला असे पुष्कळदा म्हटले जाते. ते थोडे अलंकारिक असले तरी अगदीच खोटे नाही.

या चौघांपैकी दोघे कॅथलिक कुटुंबांतले होते, ही गोष्ट आम्हांला फार उशिरा कळली. आयोमीचे घराणे मूळचे इटालियन. बटलरचे आईवडील आयर्लंडचे, घरात सात भावंडे, आणि धाकट्या टेरेन्सला लहानपणी धर्मगुरू व्हावेसे वाटत असे. आपल्या धर्मग्रामांत असा एखादा मुलगा प्रत्येक पिढीत असतोच. तो सेमिनरीत जातो किंवा जात नाही, पण स्वर्ग, नरक आणि सैतान हे शब्द त्याच्या लेखी नुसते शब्द राहत नाहीत. बटलर सेमिनरीत गेला नाही. तो बेस गिटार वाजवू लागला आणि वाद्यवृंदाची बहुतेक गीते त्यानेच लिहिली.

आयोमीची कथा तर एखाद्या दाखल्यासारखी आहे. सतरा वर्षांचा हा मुलगा पत्र्याच्या कारखान्यात काम करी. संगीत हाच व्यवसाय करायचे ठरवून त्याने नोकरी सोडली होती आणि तो कामाचा शेवटचा दिवस होता. दुपारी तो जेवायला घरी आला तेव्हा पुन्हा जाऊच नये असे त्याच्या मनात आले, पण आईने ‘काम पुरे करून ये’ म्हणून त्याला परत पाठवले. पत्रा दाबण्याच्या यंत्रावरील कामगार त्या दिवशी आला नव्हता म्हणून याला तिथे उभे केले. यंत्र हातावर आले आणि उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोके तुटली. आयोमी डावखुरा असल्यामुळे उजव्या हाताची बोटे तारांवर दाबायची असत. म्हणजे नेमकी हवी तीच बोटे गेली. डॉक्टरांनी गिटार विसरायला सांगितले. कारखान्यातील मुकादमाने मात्र त्याला जँगो रेनहार्टची एक तबकडी ऐकवली. आगीत दोन बोटे निकामी झाल्यावरही हा जिप्सी वादक जगातील श्रेष्ठ गिटारवादक झाला होता. आयोमीने भांडी घासण्याच्या साबणाची प्लास्टिकची बाटली वितळवली, शिंप्याच्या अंगुस्तानासारखी दोन टोपणे घडवली आणि त्यांवर चामडे चिकटवले. टोपणांना तारेचा स्पर्श कळत नाही, म्हणून त्याने हलक्या तारा लावल्या. पुढे त्या सैल करून तीन अर्धस्वरांनी खाली उतरवल्या. ज्या खर्जातल्या, जड, खोल नादाला लोक ‘सैतानी’ म्हणू लागले त्याच्या मुळाशी एका जखमी कामगाराची ही सोय होती.

वाद्यवृंदाचे आधीचे नाव ‘अर्थ’, म्हणजे पृथ्वी. १९६९ साली ते बदलले. त्यांच्या सरावाच्या जागेसमोरील चित्रपटगृहात बोरिस कार्लॉफचा ‘ब्लॅक सॅबाथ’ हा भयपट लागला होता. घाबरण्यासाठी लोक पैसे मोजतात हे पाहून भीतीचेच संगीत का करू नये, असा विचार त्यांच्या मनात आला. पहिली तबकडी त्यांनी ऑक्टोबर १९६९ मध्ये जेमतेम एका दिवसात ध्वनिमुद्रित केली. ती १३ फेब्रुवारी १९७० रोजी बाजारात आली. त्या दिवशी शुक्रवार होता. तेरा तारखेचा शुक्रवार पाश्चात्त्य लोक अशुभ मानतात.

त्या तबकडीची सुरुवात पावसाने आणि दूरच्या घंटानादाने होते आणि मग तीनच स्वर येतात: षड्ज, वरचा षड्ज आणि तीव्र मध्यम. पाश्चात्त्य संगीतशास्त्रात षड्ज आणि तीव्र मध्यम यांच्यातील अंतराला ‘संगीतातील सैतान’ असे लॅटिन नाव आहे. मध्ययुगीन ख्रिस्तसभेने या स्वरसंगतीवर बंदी घातली होती, असे या संगीताचे चाहते आणि विरोधक दोघेही सारख्याच उत्साहाने सांगतात. अशा बंदीला आधार नाही. गायला कठीण व कानाला खुपणारी म्हणून गायनगुरू ती टाळत, आणि हे सैतानी नाव तर अठराव्या शतकातील ग्रंथांत आढळते. आपल्याकडे याच तीव्र मध्यमाशिवाय यमन उभा राहत नाही आणि संध्याकाळचा मारवाही नाही. एक स्वर एका देशात भीती जागवतो आणि दुसऱ्या देशात सांजवेळची हुरहूर. स्वर बिचारा दोन्हीकडे निर्दोष आहे.

आणि त्या गाण्यात सांगितले तरी काय आहे? बटलर त्या काळात जादूटोण्याची पुस्तके वाचत असे. त्याने खोली काळी रंगवली होती. एका रात्री जाग आली तेव्हा पलंगाच्या पायथ्याशी काळी आकृती उभी असल्याचा भास झाला, आणि या अनुभवानंतर त्याने तो नाद सोडला, असे त्यानेच पुढे सांगितले आहे. गाण्यातील माणूस त्या आकृतीला पाहून पळत सुटतो आणि देवाचा धावा करतो. आम्ही इंग्रजी शब्द नीट समजून हे गाणे ऐकले ते कितीतरी वर्षांनी, आणि चकित झालो. सैतानाची आरती म्हणून ज्याची ख्याती, ते गाणे म्हणजे सैतान पाहून गर्भगळीत झालेल्या कॅथलिक मुलाचा आक्रोश होता!

मग ही कुप्रसिद्धी आली कोठून? काही अंशी व्यापारातून. तबकडीच्या वेष्टनाच्या आतील बाजूस कंपनीने उलटा क्रूस छापला. वादकांना त्याची कल्पनाही नव्हती आणि तो पाहून ते संतापले. (उलटा क्रूस हे परंपरेने संत पीटरचे चिन्ह, हे छापणाऱ्यांना ठाऊक नव्हते आणि पाहणाऱ्यांनाही. मार्च २००० मध्ये पोप दुसरे जॉन पॉल पवित्र भूमीत अशा क्रूसाचे चिन्ह असलेल्या आसनावर बसले, तेव्हाही काहींनी कुजबुज केलीच.) एका गाण्याचे शीर्षक ‘एन.आय.बी.’ असे होते. ही ख्रिस्तजन्माची विटंबना करणारी आद्याक्षरे आहेत, असा शोध लोकांनी लावला. वस्तुतः बिल वॉर्डची दाढी टाकाच्या निबेसारखी दिसे, त्यावरून मित्रांनी केलेली ती थट्टा होती.

गंमत अशी की, खरे जादूटोणावाले मात्र या मुलांवर रुसले. स्टोनहेंजला आपल्या समारंभात वाजवावे ही त्यांची विनंती वाद्यवृंदाने नाकारली आणि त्यांनी शाप दिला, असे वादक सांगत. चौघे भेदरले. ऑझीचे वडील कारखान्यात अवजारे घडवत. त्यांनी ॲल्युमिनियमचे क्रूस करून दिले आणि चौघांनी ते गळ्यात घातले. पुढे छायाचित्रांतून ते क्रूस जगभर पोहोचले आणि पाहणाऱ्यांना त्यांत पाखंड दिसले. आपल्या आया बाळाच्या गळ्यात पदक बांधतात, त्याहून ती गोष्ट फारशी निराळी नव्हती.

१९७१ साली आलेल्या तिसऱ्या तबकडीवर ‘आफ्टर फॉरएव्हर’ हे गाणे आहे. त्यात बटलर तरुण श्रोत्यांना विचारतो की, मित्र हसतील या भीतीने तुम्ही देवाला नाकारता का? पोपच्या उल्लेखाची त्यातील एक ओळ आमच्या कानांना आजही खटकते. पण ती श्रद्धेची टवाळी करणाऱ्यांना उद्देशून आहे. उत्तर आयर्लंडमध्ये कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट एकमेकांचे रक्त सांडत होते ते हे दिवस, आणि बटलरच्या मनात ती वेदना होती. होळीतून आम्ही वाचवलेल्या ध्वनिफितीत हे गाणे होते.

असे असूनही मार्च १९९० मध्ये, प्रायश्चित्तकाळात, न्यूयॉर्कच्या संत पॅट्रिक महामंदिरात कार्डिनल जॉन ओकॉनर यांनी या संगीतावर कठोर टीका केली. त्यांचा रोख ऑझीच्या ‘सुइसाइड सोल्यूशन’ या १९८० सालच्या गाण्यावरही होता. इंग्रजी ‘सोल्यूशन’चे दोन अर्थ: उपाय आणि द्रावण. गाणे दारूच्या द्रावणाने स्वतःला संपवण्याविषयी आहे. ऐकणाऱ्यांनी आत्महत्येचा उपाय असा अर्थ घेतला. मुलगा गमावलेल्या एका कुटुंबाने या गाण्यावरून केलेला दावा कॅलिफोर्नियातील न्यायालयांनी फेटाळला, १९८८ साली अपिलातही. १९९० च्या ऑगस्टमध्ये रीनो येथे ‘जुडास प्रीस्ट’विरुद्धच्या अशाच दाव्याचा निकाल वाद्यवृंदाच्या बाजूने लागला. तथापि निकालपत्राने आईचे अश्रू पुसले जात नाहीत. कार्डिनलांनी गाण्याचा अर्थ चुकीचा लावला असेल, पण ते पालकांच्या भयाला वाचा देत होते, हे आम्ही आता स्वतः पालक झाल्यावर मान्य करतो.

आमच्या आवडत्या कलावंतांना आम्ही संत ठरवू पाहत नाही. ऑझी दारू आणि अमली पदार्थांत इतका बुडाला की १९७९ साली सोबत्यांनीच त्याला काढून टाकले. १९८२ साली रंगमंचावर आलेले वटवाघूळ रबरी समजून त्याने त्याचे डोके चावले, ही तर त्याची जगभरची ओळख झाली. आणि याहून गंभीर गोष्ट नॉर्वेत घडली. १९८२ साली ‘व्हेनम’ या इंग्रज वाद्यवृंदाने ‘ब्लॅक मेटल’ नावाची तबकडी काढली. त्यांच्या दृष्टीने ते नाटक होते. दहा वर्षांनी नॉर्वेतील काही तरुणांनी ते नाटक खरे मानले. ६ जून १९९२ रोजी बर्गेनजवळील फॅनटॉफ्टचे प्राचीन लाकडी चर्च जळून राख झाले, मग आणखी चर्चे जळली, आणि १९९४ साली एका वादकाला खून व चर्चे जाळल्याबद्दल शिक्षा झाली. हे वाचून आम्ही काही महिने कोणतीही तबकडी लावू शकलो नाही. तपसाधनेतील प्रवचनकार खरे ठरले की काय, असे वाटू लागले. सैतानाला भिणारे संगीत आणि सैतानाशी लाडीगोडी करणारे संगीत यांत मोठे अंतर आहे, असे आम्ही आजही मानतो. पण ते अंतर पंधरा वर्षांच्या मुलाला प्रत्येक वेळी दिसतेच, असे छातीठोकपणे सांगवत नाही.

आमच्या घरी ती तबकडी पुन्हा लागली ती मुलाच्या हट्टामुळे. त्याच्याशेजारी बसून आम्ही पहिल्या गाण्याचा अर्थ मराठीत सांगितला. तो म्हणाला, “पप्पा, हा माणूस तर घाबरलाय.”

५ जुलै २०२५ रोजी चौघे मूळ वादक वीस वर्षांनी एकत्र आले, ते ॲस्टनमधील व्हिला पार्क या फुटबॉलच्या मैदानावर. कंपवाताने जर्जर झालेला ऑझी उभा राहू शकत नव्हता. आसनावर बसून तो चार गाणी गायला. मिळालेला पैसा कंपवातावरील संशोधन, बर्मिंगहॅमचे मुलांचे इस्पितळ आणि मरणासन्न बालकांचे सेवागृह यांना देण्याचे ठरले होते. सतराच दिवसांनी, २२ जुलै रोजी, ऑझी वारला. त्याचे लहानपणीचे घर त्या मैदानाजवळच्या लॉज रोडवर आहे. सामन्याच्या दिवशी प्रेक्षकांच्या मोटारी राखून तो चार पैसे मिळवीत असे. आत जाण्यापुरते पैसे तेव्हा त्याच्यापाशी नसत.