शेषाचे मस्तक आणि दलिताचा तळहात

२ मार्च १९५८ रोजी मुंबईत पहिले दलित साहित्य संमेलन भरले. त्याचे उद्घाटन अण्णाभाऊ साठे यांनी केले. पृथ्वी शेषनागाच्या मस्तकावर तरलेली नाही, ती दलिताच्या, कष्टकऱ्याच्या तळहातावर तरलेली आहे, या आशयाचे त्या भाषणातील वाक्य आज वस्तीवस्तीत पोचले आहे. १ ऑगस्टला जयंतीच्या फलकावर ते असते, वक्त्याच्या तोंडी असते, विद्यार्थ्यांच्या निबंधात असते. वाक्य एवढे मोठे झाले, की त्यामागचे भाषण दिसेनासे झाले. मी साहित्याचा शिक्षक म्हणून हे वाक्य वर्षानुवर्षे ऐकत आलो आहे आणि माझे मत असे झाले आहे, की आपण त्याची घोषणा करून टाकली. वास्तविक एक कलावंत आपल्या कामाविषयी जाहीरपणे बोलत होता. आपण लिहितो कसे, कोणाविषयी लिहितो आणि लिहिण्याचा अधिकार कशाने मिळतो, हे तो सांगत होता.

तो काळ ध्यानात घेतला पाहिजे. बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणाला सव्वा वर्ष झाले होते. १९५७ च्या ऑक्टोबरात रिपब्लिकन पक्ष स्थापन झाला होता. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात निळा आणि लाल झेंडा एका समितीत आले होते. आज आपण ज्याला दलित साहित्य म्हणतो ते बहुतांशी अजून लिहिले जायचे होते. बाबुराव बागुलांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' १९६३ चा, ढसाळांचा 'गोलपिठा' १९७२ चा, दया पवारांचे 'बलुतं' १९७८ चे. 'फकिरा' सुद्धा पुढच्या वर्षी, १९५९ साली आली. म्हणजे साहित्याच्या आधी संमेलन झाले! अशा व्यासपीठावर उभे राहणाऱ्याजवळ हवाला देण्यासारखी ग्रंथसंपदा नव्हती. होते ते स्वतःचे जगणे आणि स्वतःचे काम.

हे काम कोणते? वाटेगावच्या मांगवाड्यात १९२० साली जन्मलेला, शाळेत दीड दिवस टिकलेला, बापाबरोबर पायी मुंबई गाठलेला हा माणूस गिरणीत राबला आणि तमाशाच्या बोर्डावर उभा राहिला. १९४४ साली अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांच्यासह त्याने लाल बावटा कलापथक उभारले. तमाशाची सुरुवात गणाने होते आणि गणात गणपतीला वंदन असते. अण्णाभाऊंनी त्या जागी मायभूमीला आणि शिवबाला वंदन केले. गौळण काढून टाकली. साचा परंपरेचा ठेवला, पण साच्यातल्या मानाच्या जागेवर कोण बसणार हे बदलले.

त्या प्रसिद्ध वाक्याची घडण मला याच कारागिरीत दिसते. शेषाची कथा ऐकणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक होती. अण्णाभाऊंनी ती मोडून टाकली नाही. पृथ्वी कोणीतरी पेलून धरली आहे, एवढे मान्य केले आणि पेलणारा तेवढा बदलला. गणात जे केले तेच इथे केले. पुस्तकी विद्वान हे सिद्ध करायला प्रबंध लिहील. वगाच्या रंगमंचावर घडलेल्या माणसाला ते एका वाक्यात साधले, कारण समोरच्या श्रोत्याच्या मनात आधीच काय साठलेले आहे हे तो जाणत होता.

पण मस्तकाऐवजी तळहातच का? खांदा का नव्हे, पाठ का नव्हे? ओझे तर पाठीवर असते. मला वाटते, याचे उत्तर 'स्मशानातील सोनं' या कथेत आहे. मुंबईच्या कडेला राहणारा भीमा खाणीत दगड फोडतो. खाण बंद पडते. पोटासाठी तो चितेच्या राखेतून सोने शोधू लागतो, मग पुरलेली मढी उकरू लागतो. एका रात्री कोल्ह्यांशी झुंज घेऊन तो मढ्यापर्यंत पोचतो आणि त्याची बोटे मढ्याच्या जबड्यात अडकतात. बोटे कापावी लागतात. नेमके त्याच वेळी समजते, की खाण पुन्हा सुरू झाली. डोंगर फोडणारी बोटे गेली, म्हणून तो पहाडासारखा माणूस लहान मुलासारखा रडतो. तळहात म्हणजे नुसता आधार नव्हे. तळहात काम करतो, घडवतो आणि तोच तुटतो. पृथ्वी ज्या हातावर तरलेली आहे त्या हाताला दोन बोटे कमी आहेत! हे दोन्ही एकाच वेळी सांगणे हा अण्णाभाऊंच्या लेखनाचा गाभा आहे. त्यांचा दलित केवळ दयेचा विषय होत नाही आणि खोटा देवही होत नाही.

आता फलकांकडे वळतो. काही फलकांवर या वाक्यात 'दलित' असतो, 'श्रमिक' गळलेला असतो. काहींवर 'कष्टकरी' असतो आणि 'दलित' हा शब्दच बेपत्ता असतो. ज्याने त्याने आपल्या झेंड्याच्या रंगाने वाक्य धुऊन घेतले आहे. गिरण्यांचा इतिहास या धुलाईला उत्तर देतो. मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्यात मजुरी अधिक होती, पण तिथे अस्पृश्याला शिरकाव नव्हता. तुटलेला धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे आणि सवर्ण कामगाराला त्याचा विटाळ होई. १९२८ च्या संपाच्या काळात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे ठेवला होता. जो हात राबतो त्याने कोणत्या मागाला लागायचे हे जात ठरवत होती. भीमाच्या कथेतही हेच आहे. खाण केव्हा बंद पडावी हे पैसा ठरवतो. मढ्याला हात लावण्याची पाळी कोणावर यावी हे समाज ठरवतो. लाल बावट्याच्या शाहिराने 'फकिरा' डॉ. आंबेडकरांच्या लेखणीला अर्पण केली, ती हे कळल्यामुळेच, असे मी मानतो.

त्या भाषणात लिहिणाऱ्यांकडे एक मागणीही होती. दलिताचे जीवन खडकातून झिरपणाऱ्या पाझरासारखे आहे. ते जवळ जाऊन पाहा आणि मगच लिहा, असे त्यांनी बजावले. दुरून पाहणाऱ्याला खडक दिसतो. पाझर दिसायला खडकाला हात लावावा लागतो. ही मागणी केवळ सवर्ण लेखकांसाठी होती, असे समजून आपण मोकळे झालो. दलित मध्यमवर्गातल्या लेखकालाही ती लागू आहे. मलाही आहे. आपल्यापैकी पुष्कळांचे तळहात आता मऊ झाले आहेत. ते व्हायलाच हवे होते, त्यासाठीच चळवळ झाली. पण हाताने मैला उचलण्याविरुद्ध १९९३ साली कायदा झाला, २०१३ साली दुसरा झाला, आणि तरीही गटारात उतरलेली माणसे गुदमरून मेली. त्यांचे हात आपल्या साहित्यात किती आले?

आपल्या संमेलनांत कलावंताला हार घातला जातो, त्याच्यावर ठराव होतात, त्याला वाद घालायला लावले जाते. तू हे कसे घडवलेस, कोणाजवळ जाऊन पाहिलेस, हे मात्र क्वचितच विचारले जाते. गायकाला, चित्रकाराला, जलशातल्या ढोलकीवाल्याला तर नाहीच. दलित साहित्याच्या पहिल्या व्यासपीठावर बोलण्याचा मान एका शाहिराला मिळाला होता आणि त्याने आपल्या कामाचा हिशेब दिला होता. पुढच्या १ ऑगस्टला फलक लावणाऱ्या तरुणांना माझे एवढेच सांगणे आहे, की त्या वाक्याखाली बसून 'स्मशानातील सोनं' मोठ्याने वाचा आणि मग वस्तीतल्या एखाद्या राबणाऱ्या माणसाला बोलायला उभे करा. ज्याच्या तळहातावर पृथ्वी आहे, त्याच्या हाती ध्वनिक्षेपक देण्याएवढी जागा आपल्या मांडवात असली पाहिजे.