राज्याराज्यांतील सर्वोच्च शिखरांच्या वाटेवर

अमेरिकेत पन्नासही राज्यांतील सर्वोच्च ठिकाणे एकेक करून गाठणाऱ्या हौशी मंडळींची संघटनाच आहे. आठवड्याची रजा टाकून मोटारीने निघायचे, वाटेवरच्या दोन-तीन राज्यांची शिखरे पायी चढायची आणि परतायचे, असा हा छंद. महाराष्ट्रातील गिरिभ्रमणप्रेमींनाही तो जोपासता येण्याजोगा आहे. हिमालयातील राज्यांची शिखरे हा गिर्यारोहणाचा विषय असल्याने ती वगळली, तरी सह्याद्री, निलगिरी, अरवली आणि सातपुडा उरतातच.

'राज्यातील सर्वोच्च' हा मान डोंगराच्या उंचीइतकाच राज्याच्या सीमेवर अवलंबून असतो. उत्तर प्रदेशाकडे २००० सालापर्यंत ७८१६ मीटर उंचीची नंदादेवी होती. उत्तराखंड वेगळे होताच त्या राज्याला शिवालिकच्या टेकड्यांवर समाधान मानावे लागले. आपल्याकडेही असे घडले आहे. अबूचा परिसर १९५० पासून १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होता. त्या काळात राज्यातील सर्वोच्च शिखराचा मान १६४६ मीटरच्या कळसूबाईकडे नव्हता, तर १७२२ मीटरच्या गुरुशिखराकडे होता. राज्य पुनर्रचनेत अबू राजस्थानात गेले आणि कळसूबाई पहिली झाली.

सुरुवात अर्थातच कळसूबाईपासून करावी. अकोले तालुक्यातील बारी हे पायथ्याचे गाव घोटी-भंडारदरा मार्गावर असून मुंबईहून सुमारे दीडशे किलोमीटर अंतरावर आहे. चढाईला साधारण तीन तास लागतात. अवघड कातळटप्प्यांवर लोखंडी शिड्या बसविलेल्या असल्याने नवख्यांनाही शिखर गाठता येते. मात्र पावसाळी सुटीच्या दिवशी याच शिड्यांपाशी रांगा लागतात आणि ओल्या पायऱ्यांवर खोळंबून राहणे धोक्याचे ठरते. माथ्यावर कळसूबाईचे छोटे मंदिर आहे. नवरात्रात येथे पंचक्रोशीतील भाविक येतात. पायांपेक्षा अधिक काळजी घ्यायची ती चालकाची. रात्रभर गाडी चालवून पहाटे चढाई आणि दुपारी लगेच परतीचा घाट, हा अनेकांचा शिरस्ता असतो. उतरून दमलेल्या माणसाच्या हाती चाक देण्यापेक्षा बारी किंवा भंडारदरा येथे एक मुक्काम वाढविणे केव्हाही स्वस्त.

दक्षिणेकडचा फेरा किमान आठ दिवसांचा धरावा. कर्नाटकातील मुळ्ळय्यनगिरी चिक्कमगळूरु जिल्ह्यात आहे. उंची १९३० मीटरच्या आसपास. गाडी जवळजवळ माथ्यापर्यंत जाते आणि उरतात त्या पायऱ्या, म्हणून चालण्याची हौस असलेले सर्पधारीच्या पायवाटेने चढतात. गर्दीच्या काळात येथे वाहनांवर निर्बंध असतात, त्यामुळे निघण्यापूर्वी चौकशी करावी. शेजारीच बाबा बुडनगिरी आहे. येमेनमधून आणलेले कॉफीचे बी याच डोंगरात प्रथम रुजले, अशी परंपरागत कथा आहे. उतारांवरचे कॉफीचे मळे पाहिले की ती खरी मानावीशी वाटते.

म्हैसूरहून उटीकडे जाताना बंडीपूरच्या जंगलातील रस्ता रात्री नऊ ते सकाळी सहा या वेळेत बंद असतो. निलगिरी जिल्ह्यात येणाऱ्या बाहेरच्या वाहनांना २०२४ पासून ई-पासही काढावा लागतो. एवढे सोपस्कार उरकून तमिळनाडूच्या दोड्डबेट्टाला (२६३७ मीटर) पोहोचावे, तर गाडी थेट माथ्यावर! दुर्बिणीचे घर, खाद्यपदार्थांची दुकाने आणि छायाचित्रांसाठी उभी माणसे. पायी चढाईच्या दृष्टीने हे शिखर निराशाच करते.

नेमके उलटे केरळमध्ये. दक्षिण भारतातील सर्वोच्च असलेले २६९५ मीटरचे अनमुडी हे खरे पायी चढण्याचे शिखर; पण ते इरविकुलम राष्ट्रीय उद्यानात असल्याने सामान्य पर्यटकांना माथ्यावर जाऊ दिले जात नाही. वन विभागाच्या बसने राजमलापर्यंत जायचे, निलगिरी ताहर पाहायचे आणि समोरचा कातळ डोळ्यांत साठवून परतायचे. ताहरच्या विणीच्या हंगामात, साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये, उद्यानच बंद ठेवले जाते. हा निर्बंध रास्तच आहे. ज्या गवताळ पठारांवर हा प्राणी तगून आहे, तेथे शिखरांची यादी पुरी करणाऱ्यांची रीघ लागली असती तर काय झाले असते, याचे उत्तर दोड्डबेट्टावर मिळते. येथील नीलकुरिंजी बारा वर्षांतून एकदा फुलते. २०१८ नंतरचा तिचा बहर २०३० मध्ये अपेक्षित आहे.

उत्तरेच्या वाटेवर दत्तभक्त मराठी माणसाला दोन ओळखीची ठिकाणे भेटतात. गुरुशिखरावर दत्तात्रेयाचे मंदिर आहे; गाडीतळापासून काही पायऱ्या चढल्या की पोहोचता येते. जवळच अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेची अवरक्त दुर्बीण आहे. गुजरातमध्ये मात्र घाम गाळावा लागतो. जुनागढजवळच्या गिरनारच्या पायऱ्या दहा हजारांच्या घरात आहेत. ऑक्टोबर २०२० मध्ये सुरू झालेला रोपवे अंबाजीपर्यंतच नेतो. सर्वोच्च आहे ते त्यापुढचे गोरखनाथ शिखर, आणि दत्ताच्या पादुका त्याच्याही पलीकडच्या सुळक्यावर. त्यामुळे पादुकांच्या दर्शनाला निघालेला यात्रेकरू राज्यातील सर्वोच्च ठिकाण नकळत ओलांडून जातो.

सातपुड्यातील धूपगड (१३५२ मीटर) हे मध्य प्रदेशाचे शिखर. पचमढीहून तेथे जिप्सीने जाता येते. सूर्यास्त पाहायचा असेल तर दुपारीच जिप्सी ठरवावी.