पॉइंट ब्रेक

पॉइंट ब्रेक म्हणजे समुद्रात पुढे आलेल्या भूशिराच्या किंवा खडकाळ टोकाच्या कडेने क्रमाक्रमाने फुटत जाणाऱ्या लाटेचे ठिकाण होय. ही संज्ञा सर्फिंग या क्रीडाप्रकारातील असून ती ठिकाणासाठी तसेच तेथील लाटेसाठीही वापरली जाते. पुळणीसमोरील वाळूच्या दांड्यावर फुटणाऱ्या लाटेला बीच ब्रेक, तर पाण्याखालील खडकावर किंवा प्रवाळावर फुटणाऱ्या लाटेला रीफ ब्रेक म्हणतात. पॉइंट ब्रेकची लाट जवळजवळ ठरावीक जागी फुटू लागते आणि दूरवर चालत राहते, त्यामुळे सर्फपटू तिला विशेष पसंती देतात. याच गुणामुळे जगातील नामांकित पॉइंट ब्रेकवर गर्दी होते. मोठ्या लाटांच्या दिवशी तेथे ‘लाट कोणाची’ हा प्रश्न केवळ शिष्टाचाराचा न राहता सुरक्षिततेचाही होतो.

लाटेची निर्मिती

सर्फिंगसाठी उपयुक्त लाटा बहुधा किनाऱ्यापासून शेकडो किंवा हजारो किलोमीटर दूर असलेल्या वादळांत निर्माण होतात. वादळी क्षेत्राबाहेर पडल्यावर त्या सुटसुटीत, लांब आणि नियमित होत जातात. अशा लाटांच्या समूहास स्वेल म्हणतात. लागोपाठच्या दोन माथ्यांमधील वेळ, म्हणजे आवर्तनकाल, हे स्वेलचे महत्त्वाचे माप आहे. खोल समुद्रात १६ सेकंद आवर्तनकाल असलेल्या लाटेची तरंगलांबी सुमारे ४०० मीटर आणि वेग ताशी सुमारे ९० किलोमीटर असतो. लाटांचा समूह मात्र याच्या निम्म्या वेगाने, म्हणजे दिवसाला सुमारे १,१०० किलोमीटर पुढे सरकतो. त्यामुळे ३,००० किलोमीटर दूरच्या वादळातील स्वेल किनाऱ्यावर पोहोचण्यास सुमारे तीन दिवस लागतात.

पाण्याची खोली तरंगलांबीच्या निम्म्याहून कमी झाली की लाटेला समुद्रतळ जाणवू लागतो. वर दिलेल्या उदाहरणात ही खोली सुमारे २०० मीटर येते. उथळ पाण्यात लाटेचा वेग घटतो. भूशिराजवळचा लाटेचा भाग उथळ पाण्यात आधी शिरतो व मंदावतो, तर खोल पाण्यातील भाग वेगाने पुढे येत राहतो. परिणामी लाट भूशिराभोवती वळते. या क्रियेस अपवर्तन म्हणतात. प्रकाशकिरण हवेतून काचेत शिरताना दिशा बदलतो, त्यामागेही वेगातील असाच फरक असतो.

पाण्याची खोली लाटेच्या उंचीच्या सुमारे सव्वापट उरली की लाट फुटते. म्हणजेच तीन मीटर उंचीची लाट साधारणपणे चार मीटर खोलीवर फुटेल. ही स्थिती भूशिराच्या टोकाशी प्रथम येते आणि किनाऱ्यालगत आतल्या बाजूस सरकत जाते. फुटलेल्या पांढऱ्या फेसाच्या पुढे लाटेची न फुटलेली भिंत असते. सर्फपटू फेसाच्या पुढे राहून याच भिंतीवरून घसरत जातो. संपूर्ण लाट एकाच वेळी कोसळली तर तिच्यावर स्वार होता येत नाही. अशा लाटेला क्लोजआउट म्हणतात. समुद्रातून किनाऱ्याकडे तोंड केलेल्या सर्फपटूच्या दृष्टीने लाट ज्या बाजूस फुटत जाते, त्यानुसार तिला उजवी किंवा डावी लाट म्हणतात.

प्रमुख ठिकाणे

दक्षिण आफ्रिकेच्या ईस्टर्न केप प्रांतातील जेफ्रीज बे ही जगातील उत्कृष्ट उजव्या लाटांपैकी एक गणली जाते. तिचा ‘सुपरट्यूब्ज’ हा भाग वेगासाठी प्रसिद्ध आहे. १९ जुलै २०१५ रोजी येथील स्पर्धेच्या अंतिम फेरीत ऑस्ट्रेलियाचा सर्फपटू मिक फॅनिंग याच्याजवळ शार्क आला. तो या प्रसंगातून सुखरूप बचावला. पेरूमधील चिकामा ही जगातील सर्वांत लांब डाव्या लाटांपैकी एक आहे. न्यूझीलंडमधील रॅग्लन हीदेखील डाव्या लाटेसाठी ओळखली जाते.

अमेरिकेतील मालिबू येथील लाट तुलनेने मंद आणि सुबक आहे. १९५७ मधील ‘गिजेट’ ही कादंबरी आणि १९५९ मधील तिच्यावरील चित्रपट यांमुळे येथील सर्फिंग घरोघरी पोहोचले आणि पाण्यातील गर्दी झपाट्याने वाढली. २०१० मध्ये मालिबूला पहिले जागतिक सर्फिंग राखीव क्षेत्र म्हणून मान्यता देण्यात आली.

ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँड राज्यातील गोल्ड कोस्ट येथील ‘सुपरबँक’ अंशतः मानवनिर्मित आहे. ट्वीड नदीचे मुख नौकांसाठी खुले ठेवण्याकरिता २००१ पासून तेथील वाळू पंपाने उत्तरेकडे टाकली जाऊ लागली. या वाळूमुळे स्नॅपर रॉक्सपासून किराच्या दिशेने सुमारे दोन किलोमीटर लांबीचा अखंड वाळूचा दांडा तयार झाला. पूर्वी निरनिराळ्या असलेल्या लाटा त्यामुळे जोडल्या गेल्या. मात्र किरा येथील जुनी नावाजलेली लाट अतिरिक्त वाळूखाली काही वर्षे बिघडली.

मोठ्या स्वेलचा दिवस

लाटेतील ऊर्जा तिच्या उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात असते. उंची दुप्पट झाल्यास ऊर्जा चौपट होते. त्यामुळे दीड मीटरच्या लाटेवर सहज वावरणाऱ्या व्यक्तीस तीन मीटरची लाट केवळ दुप्पट अवघड ठरत नाही.

मोठ्या स्वेलमध्ये लाट फुटण्याची जागा अधिक खोल पाण्याकडे सरकते. भूशिराच्या कडेने किनाऱ्याच्या दिशेने जोराचा प्रवाह वाहू लागतो. आपली जागा टिकवण्यासाठी सर्फपटूस हातांनी सतत वल्हवावे लागते. अनेक ठिकाणी खडकांवरून दोन लाटांच्या मधल्या अवधीत उडी मारून पाण्यात शिरावे लागते. ही वेळ चुकल्यास लाट सर्फपटूस खडकावर आपटू शकते. मोठ्या लाटा गटागटाने येतात. अशा गटास सेट म्हणतात. दोन सेटमधील शांत काळ फसवा ठरू शकतो. म्हणून अनुभवी सर्फपटू पाण्यात उतरण्यापूर्वी बराच वेळ किनाऱ्यावरून निरीक्षण करतात.

पूर्वी असा दिवस ओळखण्यासाठी स्थानिक अनुभव लागत असे. १९८५ मध्ये कॅलिफोर्नियात दूरध्वनीवरून लाटांची माहिती देणारी व्यावसायिक सेवा सुरू झाली. पुढे तरंगमापक बोये, उपग्रह आणि संगणकीय प्रारूपे यांच्या आधारे काही दिवस आधी अंदाज मिळू लागले. परिणामी उत्तम दिवसाची वार्ता सर्वांना एकाच वेळी कळते आणि गर्दीही एकाच वेळी होते.

गर्दी आणि लाटेवरील हक्क

पॉइंट ब्रेकवर लाट पकडण्याची जागा अरुंद असते आणि एका लाटेवर सामान्यतः एकाच व्यक्तीने स्वार व्हावे, असा संकेत आहे. समजा, दर १२ मिनिटांनी सहा चांगल्या लाटांचा सेट येतो. तासाला अशा ३० लाटा होतील. पाण्यात ६० जण असल्यास प्रत्येकाच्या वाट्याला दोन तासांत एक लाट येईल. प्रत्यक्षात वाटणी इतकी समान नसते. कुशल व स्थानिक व्यक्तींना अधिक लाटा मिळतात, तर नवख्यांना अनेकदा रिकाम्या हाताने परतावे लागते.

ही टंचाई हाताळण्यासाठी जगभर काही अलिखित नियम रूढ झाले आहेत:

• लाट जेथे प्रथम फुटते, त्या जागेच्या सर्वांत जवळ असलेल्या व्यक्तीचा तिच्यावर पहिला हक्क असतो.
• दुसऱ्याच्या लाटेवर त्याच्या पुढ्यात उतरणे निषिद्ध मानले जाते. यास ‘ड्रॉप-इन’ म्हणतात.
• इतरांना वळसा घालून वारंवार आतल्या बाजूची जागा बळकावणे अयोग्य समजले जाते.
• बाहेर जाताना लाटेच्या मार्गातून न जाता बाजूच्या खोल पाण्यातून जावे. मार्गात अडकल्यास स्वाराच्या पुढील भिंतीकडे न जाता फेसाच्या बाजूस जावे.
• समोरून लाट आली तरी सर्फबोर्ड सोडून देऊ नये, कारण मागील व्यक्तीस तो लागू शकतो.

हे नियम मुख्यतः इजा टाळण्यासाठी आहेत. बोर्डाचे टोक आणि तळाची पाती टणक असतात. वेगात झालेल्या टकरीत त्यांनी खोल जखमा होतात. १९७० च्या दशकाच्या आरंभी बोर्ड घोट्याला बांधण्याची दोरी प्रचारात आली. तिच्यामुळे सुटे बोर्ड खडकांवर आदळण्याचे प्रमाण घटले. मात्र पोहण्यात कच्च्या असलेल्यांनाही मोठ्या लाटांत उतरण्याचे धाडस होऊ लागले, अशी टीकाही तिच्यावर होते. जेट स्कीने ओढून सर्फपटूस लाटेवर सोडण्याच्या पद्धतीने रांगेची व्यवस्थाच मोडते, म्हणून गर्दीच्या ठिकाणी ती वादग्रस्त आहे.

नियम अलिखित असल्याने त्यांची अंमलबजावणी कधी दंडेलीचे रूप घेते. १९६६ चा जगज्जेता नॅट यंग याला २००० मध्ये ऑस्ट्रेलियातील अँगौरी या पॉइंट ब्रेकवरील वादातून मारहाण झाली. त्यानंतर त्याने या हिंसेवर ‘सर्फ रेज’ हे पुस्तक प्रसिद्ध केले. कॅलिफोर्नियातील लुनाडा बे येथे बाहेरच्या सर्फपटूंना धमकावले जात असल्याच्या आरोपावरून २०१६ मध्ये न्यायालयात दावा दाखल झाला. त्याच वर्षी तेथील किनाऱ्यावरचे अनधिकृत दगडी बांधकामही पाडण्यात आले. समुद्रकिनारा सार्वजनिक असला तरी लाटेवर स्थानिकांचा अधिक हक्क असतो का, हा वाद अद्याप कायम आहे.

भारतातील स्थिती

भारतात संघटित सर्फिंगची सुरुवात कर्नाटकातील मुल्की येथे २००४ च्या सुमारास झाली. भारतीय सर्फिंग महासंघाची स्थापना २०११ मध्ये झाली. तमिळनाडूतील कोवलम आणि महाबलीपुरम येथील उजव्या लाटा देशातील सर्फपटूंमध्ये लोकप्रिय आहेत. महाबलीपुरम येथे २०२५ मध्ये आशियाई सर्फिंग अजिंक्यपद स्पर्धा झाली. तीत रमेश बुदिहाल याने कांस्यपदक मिळवले.

कोकणचा किनारा भूशिरे आणि लहान उपसागरांनी नटलेला आहे. परंतु केवळ भूशिर असणे पुरेसे नसते. स्वेलची दिशा, तळाचा उतार आणि वारा हे घटकही जुळावे लागतात. पावसाळ्यात अरबी समुद्रातील लाटा मोठ्या असल्या तरी स्थानिक वाऱ्यामुळे त्या अस्ताव्यस्त व कमी आवर्तनकालाच्या असतात. उत्तर गोव्यातील मांद्रे, आश्वे व हरमल या भागांत सर्फिंगचे प्रशिक्षण मिळते. तेथील लाटा मुख्यतः बीच ब्रेक प्रकारच्या आहेत.

जळगाव व धुळे जिल्ह्यांतून वाहणारी तापी नदी सुरतजवळ खंबातच्या आखात परिसरात समुद्रास मिळते. खानदेशाला जवळ असलेल्या या किनाऱ्यावर पॉइंट ब्रेकला अनुकूल स्थिती नाही. येथील भूखंडमंच रुंद व उथळ असल्याने लाटांची बरीच ऊर्जा किनाऱ्यापूर्वीच खर्च होते. शिवाय तळ गाळाचा असून भरती-ओहोटीतील फरक मोठा असतो. भरती-ओहोटीबरोबर लाट फुटण्याची जागाही बदलत राहते.

दक्षिण हिंदी महासागरातील वादळांचा स्वेल भारताच्या किनाऱ्यावर, स्थानिक वारा शांत असतानाही, अचानक उसळी आणू शकतो. केरळात या घटनेस ‘कल्लक्कडल’, म्हणजे चोरासारखा येणारा समुद्र, असे म्हणतात. हैदराबाद येथील भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र लाटांचे अंदाज आणि अशा स्वेलच्या सूचना प्रसिद्ध करते. मच्छीमारांसाठी तो धोक्याचा इशारा असतो, तर सर्फपटूंसाठी मोठ्या लाटांच्या दिवसाची पूर्वसूचना ठरतो.