टँकटिक्स
टँकटिक्स : रणगाड्यांच्या लढाईवर आधारलेला, घरगुती संगणकावर खेळावयाचा एक आद्य डावपेचाचा खेळ. ख्रिस क्रॉफर्ड (१ जून १९५० –   ) या अमेरिकन क्रीडारचनाकाराने तो तयार केला. दुसऱ्या महायुद्धातील पूर्व आघाडीवरील जर्मन व रशियन रणगाड्यांची झुंज हा त्याचा विषय होय.

युद्धाचे अनुकरण करणारे पटावरील खेळ प्राचीन आहेत. चतुरंग व त्यातून उत्क्रांत झालेले बुद्धिबळ हे त्यांचे परिचित नमुने. तथापि बुद्धिबळात प्रतिपक्षाचे प्रत्येक मोहरे खेळाडूस दिसते. रणभूमीवर मात्र शत्रू टेकडीआड वा झाडीत दडलेला असतो. ही उणीव भरून काढण्यासाठी प्रशियाच्या सैन्याने १८२४ मध्ये स्वीकारलेल्या ‘क्रीगश्पील’ या युद्धक्रीडेत पंचाची योजना होती. दोन्ही पक्षांच्या हालचाली पंचास ठाऊक असत आणि ज्यास जेवढे दिसू शकेल तेवढेच तो त्यास सांगे. घरी खेळणाऱ्यास असा जाणकार तिऱ्हाईत मिळणे दुरापास्त होते.

क्रॉफर्ड यांनी हे काम संगणकाकडे सोपविले. नेब्रॅस्का राज्यात भौतिकीचे अध्यापन करीत असताना १९७६ मध्ये त्यांनी आयबीएम ११३० या संगणकासाठी फोर्ट्रान भाषेत खेळाची पहिली आज्ञावली लिहिली. पुढे ती कमोडोर पेट या घरगुती संगणकासाठी तयार केली. १९७७ मध्ये विक्रीस आलेल्या पेटची स्मृतिक्षमता ४ वा ८ किलोबाइट एवढीच होती व पडद्यावर ४० अक्षरांच्या २५ ओळी मावत. त्यात रणभूमीचा नकाशा दाखविणे अवघड असल्याने षट्कोणी घरांचा छापील पट व सोंगट्या खेळासोबत देण्यात आल्या. दृष्टिपथात आलेल्या शत्रूचेच स्थान संगणक कळवी आणि खेळाडू त्यानुसार सोंगट्या मांडी. पंच व प्रतिपक्ष या दोन्ही भूमिका यंत्राकडेच असल्याने त्याच्या निःपक्षपातीपणावर विश्वास ठेवणे खेळाडूस भाग होते.

क्रॉफर्ड यांनी १९७८ च्या अखेरीस हा खेळ स्वतःच विक्रीस आणला, त्याच्या सु. १५० प्रती खपल्या. पटावरील युद्धक्रीडांसाठी प्रसिद्ध असलेल्या ॲव्हलॉन हिल या संस्थेने १९८१ मध्ये तो पुन्हा प्रसिद्ध केला. त्याच वर्षी क्रॉफर्ड यांच्या अटारी संगणकावरील ‘ईस्टर्न फ्रंट (१९४१)’ या खेळात सरकता नकाशा पडद्यावरच अवतरला व छापील पटाची गरज संपली. शत्रू दृष्टीआड ठेवण्याची कल्पना मात्र टिकली आणि पुढील डावपेचात्मक संगणकीय खेळांचे ते एक प्रमुख अंग बनले. अपुऱ्या माहितीवर निर्णय घेण्याची सेनापतीची अडचण सामान्य खेळाडूस घरबसल्या अनुभवास आणून दिली, हे टँकटिक्सचे ऐतिहासिक महत्त्व होय.