मनोरुग्णाची माहिती : कोणाला, किती?

मानसोपचारतज्ज्ञापुढे रुग्ण जे बोलतो, ते बहुधा त्याने घरातही कोणाला सांगितलेले नसते. ते बाहेर फुटेल अशी धास्ती असली, की तो अर्धेच सांगतो आणि निदान चुकते. तथापि एकाच रुग्णावर मानसोपचारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, परिचारिका व समाजसेवक असे अनेक जण काम करतात. त्यांना परस्परांशी बोलावेच लागते. या दोन गरजांची सांगड 'मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७' या कायद्याने घातली आहे. १९८७ च्या कायद्याची जागा घेणारा हा कायदा २९ मे २०१८ पासून अमलात आला.

त्याच्या कलम २३ नुसार आजार, उपचार आणि शारीरिक प्रकृती यांविषयीची माहिती गुप्त राखली जाण्याचा रुग्णाला हक्क आहे. उपचार करणाऱ्या इतर वैद्यकीय व्यावसायिकांना मात्र ती देता येते. पण ती उपचारासाठीच. उदाहरणार्थ, लिथियम घेणाऱ्या रुग्णाला सांधेदुखीवर काही वेदनाशामके दिल्यास रक्तातील लिथियमची पातळी धोकादायकरीत्या वाढू शकते. तेव्हा गल्लीतल्या फॅमिली डॉक्टरला लिथियमची माहिती हवीच. त्या रुग्णाचे पत्नीशी का पटत नाही, हे कळण्याचे त्यांना कारण नाही.

नातेवाइकांचे काय? आपल्याकडे रुग्णासोबत आई, भाऊ, मेहुणा असे सारेच तपासणीच्या खोलीत शिरतात आणि डॉक्टरही सर्वांदेखत बोलतात. कायद्याची दृष्टी वेगळी आहे. तो 'नामनिर्देशित प्रतिनिधी' ओळखतो. सज्ञान रुग्ण साध्या कागदावर सही वा अंगठा करून अशी व्यक्ती नेमू शकतो, आणि केव्हाही बदलूही शकतो. कर्तव्य पार पाडण्यापुरती माहिती या प्रतिनिधीला मिळते. कोणी नेमलेच नसेल, तर नातेवाईक व त्यानंतर काळजीवाहक यांचा क्रम लागतो. स्थळाची चौकशी करणारे किंवा कचेरीतील वरिष्ठ यांना या कलमात स्थान नाही.

दुसऱ्याला इजा होण्याचा अथवा कोणाच्या जिवाला धोका असेल, तर मौन सुटते. या प्रश्नाची जगभर चर्चा झाली ती कॅलिफोर्नियातील टॅरासॉफ खटल्यामुळे. १९६९ मध्ये एका रुग्णाने तरुणीच्या खुनाचा बेत आपल्या मानसोपचारकाला सांगितला. त्याने विद्यापीठाच्या पोलिसांना कळविले, पण तरुणीला कोणी सावध केले नाही आणि तिचा खून झाला. संभाव्य बळीचे रक्षण करण्याची जबाबदारी उपचारकावर येते, असे तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९७६ मध्ये ठरविले. आपल्या कायद्यात अशा वेळीही धोका टाळण्यास लागेल तेवढीच माहिती देण्याची मर्यादा आहे. याशिवाय न्यायालय वा सक्षम प्राधिकाऱ्याचा आदेश आणि सार्वजनिक सुरक्षितता हे अपवाद आहेत.

रुग्णालयात उपचार घेणाऱ्याचे छायाचित्र वा माहिती त्याच्या संमतीविना प्रसारमाध्यमांना देता येत नाही. संगणकातील नोंदींनाही हे लागू आहे (कलम २४). रुग्णाला स्वतःच्या मूलभूत नोंदी पाहण्याचा हक्क कलम २५ देते. त्यांतील काही भाग त्याला गंभीर मानसिक अपाय होईल म्हणून रोखला, तर मंडळाकडे अर्ज करता येतो, हे त्याला सांगणे बंधनकारक आहे.