कुलाबा जिल्हा लोकल बोर्ड : एका आण्याची गोष्ट

‘बोर्डाची शाळा’, ‘बोर्डाची विहीर’ हे शब्द आपल्या आजी-आजोबांच्या तोंडी असत. आजच्या विद्यार्थ्यांना ते बोर्ड ठाऊक नाही. ते होते कुलाबा जिल्हा लोकल बोर्ड. अलिबागच्या समुद्रातील किल्ल्यावरून जिल्ह्याला कुलाबा हे नाव पडले होते. १९८१ साली त्याचे रायगड झाले.

बोर्डाचे मूळ एका आण्यात आहे. १८६३ पासून मुंबई इलाख्यातील खातेदाराला शेतसाऱ्याच्या दर रुपयामागे एक आणा लोकल फंड म्हणून जादा भरावा लागे. १८६९ च्या कायद्याने तो कायम झाला. त्याचे दोन हिस्से रस्ते, विहिरी, धर्मशाळा यांसाठी आणि एक हिस्सा शाळांसाठी असे. पैसा रयतेचा, पण खर्च ठरविणाऱ्या कमिटीचा प्रमुख कलेक्टर! लॉर्ड रिपन यांच्या १८८२ च्या ठरावानंतर १८८४ च्या कायद्याने जिल्हा व तालुका लोकल बोर्डे आली, निवडून आलेले सभासद बसू लागले. तरी अध्यक्षाची खुर्ची बरीच वर्षे कलेक्टरसाहेबांकडेच राहिली.

१९२३ साल मात्र ध्यानात ठेवावे. त्या साली लोकल बोर्डाचा नवा कायदा झाला आणि प्राथमिक शिक्षणाचा कारभार स्थानिक संस्थांच्या स्कूल बोर्डांकडे देणारा कायदाही झाला. मराठीबरोबर उर्दू शाळाही याच व्यवस्थेत चालत. त्याच वर्षी सी. के. बोले यांच्या ठरावाने सार्वजनिक पैशाच्या विहिरी, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले करावेत असे कायदेमंडळाने ठरविले. कागदावर ठरले, पाण्यावर नाही. याच जिल्ह्यात महाडला २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांना चवदार तळ्यावर जावे लागले. ते तळे नगरपालिकेचे, बोर्डाचे नव्हे; पण सर्वांच्या मालमत्तेवर हक्क कोणाचा, हा प्रश्न बोर्डाच्या प्रत्येक विहिरीलाही लागू होता. हायकोर्टाचा निकाल यायला १९३७ उजाडले.

आपल्यापैकी अनेकांचे मूळ गाव मुरूड, म्हसळा किंवा श्रीवर्धनकडचे. हा मुलूख सिद्दी नवाबांच्या जंजिरा संस्थानात असल्याने बोर्डाच्या हद्दीबाहेर होता. अलिबाग आत, शेजारचे मुरूड बाहेर! १९४८ मध्ये संस्थान विलीन झाले आणि हे तालुके जिल्ह्यात आले. त्यामुळे एकाच नात्यातल्या दोन घरांत शाळेच्या आठवणी वेगवेगळ्या निघतात.

तालुका बोर्डे १९३८ मध्येच बंद झाली होती. जिल्हा बोर्ड १ मे १९६२ पर्यंत टिकले. त्या दिवशी महाराष्ट्रात जिल्हा परिषदा आल्या आणि बोर्डाचे रस्ते, विहिरी, दवाखाने त्यांच्याकडे गेले. प्राथमिक शाळाही त्यांच्याच ताब्यात आल्या. गावातली माणसे मात्र पुढेही कित्येक वर्षे मुलाचे नाव ‘बोर्डाच्या शाळेत’च घालीत राहिली.