गावच्या वर्गणीवरची कुस्ती

सातारा-सांगलीच्या कुस्तीचा इतिहास सांगायला बसलेला माणूस बहुधा कोल्हापुरातून सुरुवात करतो. राजर्षी शाहू महाराज १९०२ साली युरोपला गेले, रोममधले प्राचीन मैदान त्यांनी पाहिले, परत येऊन खासबागेचे मैदान बांधायला घेतले, १९१२ साली ते कुस्त्यांना खुले झाले आणि त्या राजाश्रयाच्या छायेत कृष्णा-वारणा खोऱ्यात मल्ल पिकू लागले, अशी ही मांडणी असते. भाषणांत, गौरवग्रंथांत आणि वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत ती इतक्या वेळा आली आहे की ती तपासून पाहावी असे कुणाला वाटत नाही. शाहू महाराजांचे ऋण नाकारायचे कारणच नाही. पण महाराज १९२२ साली गेले. कोल्हापूर संस्थान १ मार्च १९४९ रोजी मुंबई राज्यात विलीन झाले. आणि सातारा-सांगलीच्या मल्लांनी देशाबाहेर नाव काढले ते त्यानंतरच्या पंधरा वर्षांत. राजा गेल्यावर राजाश्रयाचे पीक आले, हे कोडे जुन्या मांडणीला सुटत नाही. माझ्या मते या दोन जिल्ह्यांतली कुस्ती मुख्यतः गावाच्या वर्गणीवर जगली. दरबाराने तिला दिमाख दिला. खुराक मात्र जत्रेच्या मैदानाने पुरवला.

याचा सर्वांत स्वच्छ पुरावा खाशाबा जाधवांच्या आयुष्यात मिळतो. कराडजवळच्या गोळेश्वरचा हा मल्ल १९४८ साली लंडन ऑलिंपिकला गेला, तेव्हा खर्चाचा भार कोल्हापूरच्या महाराजांनी उचलला होता. तिथे तो फ्लायवेट गटात सहावा आला. चार वर्षांनी हेलसिंकीची वेळ आली तेव्हा संस्थान उरले नव्हते. राजाश्रयाचा सिद्धांत खरा असता, तर खाशाबांचा प्रवास तिथेच थांबायला हवा होता. घडले वेगळेच. गोळेश्वर-कराड भागातल्या लोकांनी पैसे गोळा केले, आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. १९५२ साली खाशाबांनी बँटमवेट गटात कांस्यपदक आणले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक, आणि दुसरे यायला १९९६ उजाडले. परतल्यावर त्यांची मिरवणूक १५१ बैलगाड्यांची निघाली असे सांगतात. गाड्यांच्या आकड्यावर वाद घालता येईल, पण त्या गाड्या कुणाच्या होत्या यावर नाही. पुढे खाशाबांनी कुस्त्यांची मैदाने घेऊन खर्डेकरांचे पैसे फेडले. म्हणजे ऑलिंपिकचे कर्जसुद्धा शेवटी तिकीट काढून बसलेल्या प्रेक्षकांनीच वारले.

ही व्यवस्था चालते कशी, ते नीट पाहायला हवे, कारण राजाश्रय डोळ्यांत भरतो आणि वर्गणी भरत नाही. गावात मारुतीचे देऊळ, त्याला लागून किंवा जवळच तालीम. तालमीतला हौदा लाल मातीने भरलेला. त्या मातीत ताक, तेल, हळद, लिंबू, कापूर मिसळलेले. पहाटे जोर-बैठका, मग वस्तादाच्या नजरेखाली लढत. या शिक्षणाची फी नसते. वस्ताद बहुधा स्वतः शेतकरी, एके काळचा मल्ल. पोराचा खुराक, म्हणजे दूध, तूप, बदाम, थंडाई, हा घरचा आणि भावकीचा भार. वर्षातून एकदा ग्रामदैवताची जत्रा भरते आणि जत्रेच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कुस्त्यांचा फड. यात्रा कमिटी घरटी वर्गणी गोळा करते. मैदानाचे पत्रक छापले जाते, त्यात जोडी, इनामाची रक्कम आणि ते इनाम कुणी कुणाच्या स्मरणार्थ लावले हे सारे येते. दुपारी हलगी वाजू लागली की सुरुवात होते ती रेवडीवरच्या कुस्तीने. सहा-सात वर्षांची पोरे मातीत उतरतात, जिंकणाऱ्याच्या हातावर रेवड्या किंवा नारळ पडतो. मग रुपये वाढत जातात, वये वाढत जातात, आणि दिवस कलता कलता शेवटची मोठी जोड लागते. जिंकलेला पोरगा मैदानाला फेरी मारतो तेव्हा कडेला बसलेले लोक त्याच्या हातात नोटा ठेवतात. कुठल्या गावात कोणता पोरगा तयार होतो आहे, हे पंचक्रोशीला याच फेरीत कळते. निवड समिती, शिष्यवृत्ती आणि प्रसिद्धी या तिन्ही गोष्टी एका दुपारी उरकणारी दुसरी यंत्रणा ग्रामीण महाराष्ट्रात शोधून सापडणार नाही.

या यंत्रणेला राज्यांच्या सीमाही आडव्या आल्या नाहीत. स्वातंत्र्यापूर्वीचा या भागाचा नकाशा म्हणजे गोधडी होती: इंग्रजांचा सातारा जिल्हा, आणि त्यात टाके घातल्यासारखी औंध, फलटण, सांगली, मिरज, जत ही संस्थाने. कुस्ती मैदानासाठी आज ज्याचे नाव पहिल्यांदा घेतले जाते ते कुंडल औंध संस्थानात होते, शेजारची कितीतरी गावे इंग्रजी अमलाखाली. १९४२ नंतर प्रतिसरकारच्या कार्यकर्त्यांनी या गुंतागुंतीचा पुरेपूर फायदा घेतला, ते वेगळे प्रकरण आहे. मल्लांच्या दृष्टीने मात्र ही हद्द नव्हतीच. त्यांच्या वहिवाटीला अर्थ होता तो यात्रांच्या पंचांगाचा. औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी हे व्यायामाचे मोठे प्रचारक, पण त्यांचे मन सूर्यनमस्कारात होते. त्यावर त्यांनी पुस्तकही लिहिले. हा तपशील मला बोलका वाटतो. आपल्याच मुलखातल्या, आपल्याच व्यायामवेड्या राजाने कुस्तीपेक्षा सूर्यनमस्कार उचलून धरले, तरी कुंडलची माती थंडावली नाही.

यावर पहिला आक्षेप सरळ आहे, आणि वजनदारही. सांगली जिल्ह्याचे दोन सर्वांत मोठे मल्ल घ्या: शिराळा तालुक्यातल्या पुनवतचे गणपतराव आंदळकर, १९६० चे हिंदकेसरी, आणि मिरज तालुक्यातल्या कवठेपिरानचे मारुती माने, १९६४ चे हिंदकेसरी. आंदळकर घडले ते कोल्हापूरच्या मोतीबाग तालमीत. मग श्रेय कोल्हापूरच्या परंपरेचे, आणि त्या परंपरेमागे शाहू महाराज, असे म्हणायला काय हरकत? हरकत एवढीच की तालमीच्या भिंती आणि तालमीचे रोजचे पोषण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. १९५० नंतर कोल्हापूरच्या तालमीत राहणाऱ्या खेड्यातल्या पोराला दरबारचा शिधा मिळत नव्हता. घरून धान्य आणि तूप यायचे आणि उरलेला खर्च तो जत्रेतल्या मैदानांवर इनामे मारून काढायचा. पुढे सहकारी साखर कारखान्यांनी मल्लांना मानधन द्यायला सुरुवात केली, तेही सभासद शेतकऱ्यांच्या उसाच्या पैशातून. वर्गणीचेच ते मोठे आणि हिशेबी रूप म्हणता येईल. कोल्हापूरने या पोरांना उत्तम वस्ताद आणि तोलामोलाचे जोडीदार दिले, हे मान्यच. पण तिथवर पोचणाऱ्या पोरांची रांग पुनवत आणि कवठेपिरानसारख्या गावांनी लावली. १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत भारताला कुस्तीत तीन सुवर्णपदके मिळाली. त्यांतली दोन या दोघांची. मानेंचे फ्रीस्टाइलमध्ये, आंदळकरांचे ग्रीको-रोमनमध्ये, शिवाय प्रत्येकाला दुसऱ्या प्रकारात रौप्य. तेरा वर्षांचे वय असलेल्या जिल्ह्याची ही कमाई होती, कारण सांगली जिल्हा जन्मला तोच १९४९ साली, दक्षिण सातारा या नावाने. सांगली हे नाव त्याला १९६० साली मिळाले.

दुसरा आक्षेप आधुनिक प्रशिक्षकांचा. जत्रेतली कुस्ती हा खेळच नाही म्हणतात: वजनगट नाहीत, गुण नाहीत, जोड कमिटीच्या मर्जीने लागते, दोन्ही मल्ल तासभर ताटकळले की बरोबरीत सोडवतात, आणि कधी कधी आधीच ठरलेली नुरा कुस्ती लावून प्रेक्षकांना उल्लू बनवतात. यातला प्रत्येक दोष खरा आहे. मोठ्या इनामाच्या कंटाळवाण्या कुस्तीवर लोक ओरडतात ते उगीच नाही. पण यावरून मातीची कुस्ती गादीला मारक ठरते, हे अनुमान पुराव्याला धरून नाही. हेलसिंकीची लढत गादीवरची होती आणि खाशाबा मातीतले होते. आंदळकरांचे सुवर्णपदक तर ग्रीको-रोमनमधले, जिथे कमरेखाली हात घालायला बंदी, म्हणजे पट काढणेच बाद. मातीतल्या मल्लाचे निम्मे डाव तिथे निकामी होतात, तरी गडी जिंकला. महाराष्ट्र राज्य कुस्तीगीर परिषदेने महाराष्ट्र केसरी स्पर्धेत माती आणि गादी असे दोन विभाग ठेवून त्यांच्या विजेत्यांची अंतिम लढत लावली, ती तडजोड मला शहाणपणाची वाटते. १९६१ साली औरंगाबादला झालेल्या पहिल्या स्पर्धेत महाराष्ट्र केसरीचा मान सांगलीच्या दिनकर दह्यारींनी मिळवला होता.

इथे परदेशातले एक उदाहरण उपयोगी पडेल. आयर्लंडमध्ये १ नोव्हेंबर १८८४ रोजी थर्ल्स गावी गेलिक अॅथलेटिक असोसिएशन स्थापन झाली, इंग्रजी खेळांच्या तोडीला देशी खेळ उभे करण्यासाठी. गेलिक फुटबॉलचा क्लब तिथे चर्चच्या परगण्याचा असतो, खेळाडूला पगार नसतो, आणि क्लबच्या वर असते काउंटी. या काउंट्या आखल्या इंग्रजी राजवटीने. पण खेळाने त्या लोकांच्या इतक्या जिव्हाळ्याच्या केल्या की आज काउंटीच्या रंगांवर माणसे जीव टाकतात. आपल्याकडेही रचना वरवर तशीच. गावोगावच्या तालमी, त्यांच्यावर सातारा जिल्हा तालीम संघ किंवा सांगली जिल्हा तालीम संघ, संघाची निवड चाचणी, आणि तिथून महाराष्ट्र केसरी. मात्र जिल्ह्याला तो जिव्हाळा कधी लाभला नाही. मल्लाच्या नावामागे लोक गाव लावतात किंवा तालीम लावतात. जिल्हा हा नोंदणीच्या अर्जावरचा रकाना राहिला. कारण उघड आहे: आयरिश काउंटी खेळाडूकडून काही घेत नाही आणि त्याला काही देतही नाही, तिथे मान हेच चलन आहे. आपल्या मल्लाचे पोट इनामावर, आणि इनाम गावाकडे. जिल्हा देतो तो फक्त प्रवेश. म्हणून वरच्या पातळीवर भांडणे झाली तरी खाली फारसे हलत नाही. २०२२ साली राज्य संघटनेत फूट पडली आणि २०२३ च्या नोव्हेंबरात फुलगावला एक, धाराशिवला एक, अशा दोन महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाल्या. एका वर्षी दोन केसरी, हा विनोद कुस्तीशौकिनांनी भरपूर चघळला. पुसेगावच्या सेवागिरी महाराजांच्या यात्रेतल्या फडाला मात्र दोन कमिट्यांची गरज कधी पडली नाही.

वर्गणीचे एवढे गुणगान केल्यावर तिचा सर्वांत मोठा दोषही सांगायला हवा, कारण तो माझ्याच मांडणीला छेद देतो. गाव ज्यांना मल्ल मानायचे त्यांच्यावरच वर्गणी खर्च व्हायची, आणि पिढ्यानपिढ्या त्या यादीत मुलगी नव्हती. तालमीच्या उंबऱ्यापाशी तिची वाट संपायची. ती पुढे सरकली ती संघटित स्पर्धांमुळे: शालेय कुस्ती, गादी, वजनगट, जिल्हा निवड चाचणी, म्हणजे ज्या गोष्टींना जत्रेचा शौकीन कोरडे म्हणून नाके मुरडतो त्यांच्यामुळे. महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी स्पर्धा मार्च २०२३ मध्ये सांगलीतच भरली आणि पहिली मानकरी ठरली सांगलीचीच प्रतीक्षा बागडी. त्यानंतर जत्रांच्या पत्रकांवर मुलींच्या जोड्या वाढताना दिसतात. तेव्हा गाव सर्व काही आपणहून करते असा भाबडा निष्कर्ष मी काढणार नाही. गाव पोसते, पण दार उघडायला त्याला कधी कधी बाहेरचा धक्का लागतो. हीच गोष्ट राजाश्रयाबद्दलही खरी असू शकेल: शाहू महाराजांनी धक्का दिला, प्रतिष्ठा दिली, आणि पोसण्याचे काम पुढची शंभर वर्षे इतरांनी केले.

या इतरांचा इतिहास लिहायचा तर साधने राजवाड्याच्या दप्तरात सापडणार नाहीत. ती आहेत यात्रा कमिट्यांच्या वर्गणीच्या वह्यांत आणि मैदानांच्या जुन्या पत्रकांत, ज्यांवर साल, जोडी, इनाम आणि देणाऱ्याचे नाव छापलेले असते. असे पत्रक किंवा वही ज्यांच्या घरी, देवळाच्या पेटीत किंवा तालमीच्या माळ्यावर असेल, त्यांनी ती रद्दीत घालू नये. तिची एक प्रत तालुक्याच्या वाचनालयात किंवा जिल्हा तालीम संघाच्या कचेरीत अवश्य जमा करावी.